सिस्टरची झोप आणि माझा फिल्टर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, राग तुमच्या नाकाच्या शेंड्यावर भाड्याने राहत नाही, मालक म्हणून राहतो. त्यामुळे त्या गुरुवारी शाळेजवळच्या चढावर अकरा मुलं आत असताना माझी व्हॅन रांगायला लागली, तेव्हा मी जे काही बोललो ते मुलांनी घरी जाऊन सांगितलं नसेल, अशी मला आशा आहे. पाय पार खाली दाबला तरी गाडी गोगलगायीच्या वर जाईना. एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून गेला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. समोर पिवळा दिवा होता, डब्यात ठिपके ठिपके असल्याचं चित्र असलेला. तो गेले दोन महिने अधूनमधून लागायचाच. आता त्याच्या शेजारी आणखी एक लाल दिवा लागला होता.

शाळेत पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. त्या आठवड्यातला तो तिसरा उशीर. मुख्याध्यापिका फाटकातच उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सोमवारपर्यंत गाडी धड करून आणा. नाहीतर मला या मुलांसाठी दुसरी गाडी बघावी लागेल."

नऊ वर्षं मी त्या शाळेची मुलं ने-आण करतोय. कोणाला मागच्या सीटवर मळमळतं, कोणाला निघताना आईला तीनदा टाटा केल्याशिवाय चैन पडत नाही, कोण कोणाशी कट्टी आहे, हे मला पाठ आहे. दुसऱ्या गाडीवाल्याला हे कोण सांगणार? ही मुलं गेली तर मी दुसरं काय करणार, हे मला सुचत नव्हतं, आणि सुचायला नकोही होतं.

टायरच्या दुकानामागे एक वेल्डर बसतो. त्याने गाडीखाली डोकं घालून एका डब्यावर हातोडीने टकटक केलं आणि निकाल दिला, "फिल्टर तुंबलाय. धुराची गाळणी असते ती. आतली जाळी फोडून टाकतो आणि रिकामा डबा परत वेल्ड करून बसवतो. दोन तासांचं काम. बाहेरून कोणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि दिवा?"

"दिव्यालाही कळणार नाही. त्याचीपण सोय आहे."

मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. गाडी रॅम्पवर चढली. तेवढ्यात वेल्डरने आधी 'मोकळा' करून ठेवलेला एक टेम्पो त्याच्या मालकाने चालू केला आणि कौतुकाने पाय दाबला. नळीतून भस्सकन काळा लोट आला आणि मागच्या चुन्याच्या भिंतीवर एक डाग उमटला. डाग माझ्या कमरेच्या थोडा खाली होता. आमच्या गाडीत एक छोटी आहे, पहिलीतली. ती रोज उतरते, गाडीच्या मागे जाते आणि तिथेच बसून बुटाची नाडी बांधते. मी रोज ओरडतो, ती रोज बांधते. ती बसली की तिचं तोंड नेमकं त्या डागाच्या उंचीवर येतं.

"उतरव गाडी," मी म्हणालो.

वेल्डर चिडला नाही. "तुमची मर्जी. मग काजळीबाईकडे जा. पण सांगून ठेवतो, ती डबा साफ करते कमी आणि प्रश्न विचारते जास्त."

काजळीबाई हे तिचं खरं नाव नव्हे, हे उघड आहे. गाड्यांच्या धुराचे फिल्टर साफ करणं एवढा एकच धंदा ती करते, म्हणून सगळे तिला तसं म्हणतात. दोन दिवस मुलांना शाळेत सोडायचं पालकांवर सोपवून शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे रखडत रखडत पोचलो. मला वाटलं होतं, आपादमस्तक काळी बाई भेटेल. तर पन्नाशीची, पांढरा कोट घातलेली, नखं चकचकीत स्वच्छ. कारखान्यात फ्रीजएवढी भट्टी, काचेचं एक मोठं खोकं, त्यात हात घालायला रबरी बाह्या, आणि दारातच वजनकाटा. एक भिंत फळ्यासारखी काळी रंगवलेली. तिच्यावर खडूने काहीबाही लिहिलेलं होतं.

तिने पहिल्यांदा फिल्टरकडे बघितलंच नाही. बॉनेट उघडून इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढली.

"तेलाची काळजी नको, बाई," मी म्हणालो. आपल्या गाडीचं कौतुक करायची संधी मी सोडत नाही. "आमच्या गाडीचं तेल कधी कमी होत नाही. उलट वाढतं."

"वाढतं?"

"दोन महिन्यांत बोटभर वाढलंय. गुणाची आहे गाडी."

तिने पट्टी स्वतःच्या नाकाशी नेली आणि मग माझ्या. "कसला वास येतो?"

"डिझेलचा."

"तुमच्या घरी पातेल्यातलं दूध आपोआप वाढलं, तर तुम्ही आनंदाने नाचता, की पाणी कोणी घातलं ते बघता?"

मला राग आला, पण गाडी तिनेच धड करायची होती. असं झालं की माझा राग आतल्या आत गिरक्या घेत राहतो. तिने मला स्टुलावर बसवलं आणि टेबलावरचा एक जुना, मधोमध कापलेला फिल्टर पुढ्यात ओढला. आत बारीक बारीक चौकोनी नळ्या होत्या, शेकड्याने, एकमेकींना चिकटलेल्या. एक नळी पुढून उघडी आणि मागून बुजवलेली, तिच्या शेजारची पुढून बुजवलेली आणि मागून उघडी.

"धूर इथून आत शिरतो," ती बोट ठेवत म्हणाली. "पुढे वाट बंद. मग भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि बाहेर पडतो. भिंतीला इतकी बारीक भोकं आहेत की हवा जाते, काजळी जात नाही. ती अलीकडेच अडकते. कळलं?"

"कळलं. मग ती साठत जाणार. कधीतरी तुंबणारच. त्यात माझा काय दोष?"

"साठली की गाडी ती स्वतः जाळते. लांब आणि जरा वेगात चालवलीत, की धूरच इतका तापतो की काजळी हळूहळू जळत राहते. तेवढं नाही जमलं, तर इंजिन जादा डिझेल सोडून फिल्टर भट्टीसारखा तापवतं. पंधरा-वीस मिनिटांत झाडलोट पूर्ण. पण मध्येच कोणी गाडी बंद केली, की काम अर्धवट. जादा सोडलेलं थोडं डिझेल इंजिनातून खाली तेलात उतरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धवट, पुन्हा उतरतं. हे तुमचं वाढलेलं तेल." तिने खडू उचलला. "आता दिवस सांगा. घरातून निघाल्यापासून. मिनिटामिनिटाने."

"मला डबा साफ करून द्या, दिवस कशाला पाहिजे?"

"कारण सापडल्याशिवाय मी डबा परत देत नाही. साफ काय, कोणीही करेल."

मी सांगितलं, तिने भिंतीवर लिहिलं. आठ चाळीसला निघणं. अकरा घरं, अकरा थांबे, गाडी तापायचीही नाही. सव्वानऊला शाळा. मग रिकामी गाडी घेऊन रिंगरोडने दहा मिनिटं जोरात. तिथे तिने रेघ मारली.

"इथे ती तापते. इथे झाडलोट सुरू होते. पुढे?"

"पुढे घर."

"गाडी कुठे बंद करता?"

"घरी."

"फाटकात?"

"जवळपास."

"जवळपास म्हणजे?"

"बाई, तुम्ही फिल्टर साफ करता की पोलिसात आहात?"

ती खडू हातात धरून नुसती उभी राहिली. तिला घाई नव्हती, सोमवार माझा होता, तिचा नव्हता. शेवटी मी बोललो. "वरच्या वळणावर. पाण्याच्या टाकीपाशी. तिथून उतार आहे, गाडी आपसूक खाली येते."

"इंजिन बंद करून?"

"हो."

"इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं, हे ठाऊक आहे?"

"गाडी रिकामी असते."

"आणि रस्ता? तोही रिकामा असतो?"

तिने भिंतीवर 'उतार' असं लिहिलं. ती म्हणाली, "बंद केल्यावर पंखा घरघरत असेल. गरम वास येत असेल."

"यायचा. मला वाटायचं, दमली बिचारी. दिवा लागला की मी तिला तासभर जास्त विश्रांती द्यायचो."

"ती दमलेली नव्हती, भाऊ. ती घर झाडत होती, आणि केर अर्ध्यावर असताना तुम्ही रोज दिवे घालवत होतात." तिने खडू खाली ठेवला. "पण का?"

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर सिस्टर राहतात. इस्पितळात नर्स आहेत, कायमची रात्रपाळी. सकाळी नऊपर्यंत घरी येतात, सव्वानऊला झोपतात, दुपारी चारला उठतात. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी न्युमोनियाने त्यांच्या वॉर्डात होती, आठ दिवस. पहिल्या तीन दिवसांत बायको एक मिनिटही झोपली नव्हती, आणि मी असून नसल्यासारखा, कारण मला नुसतं डॉक्टरांवर चिडता येत होतं. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरची पाळी संपली, त्यांनी कोट काढून ठेवला आणि पोरीच्या खाटेजवळ स्टूल ओढलं. बायकोला म्हणाल्या, तुम्ही आडव्या व्हा, मी बसते. दुपारी बारापर्यंत बसल्या. पुढे रोज. रात्रभर राबून आलेली बाई स्वतःची झोप आमच्या बायकोला देत होती. पोरगी घरी आली, आता चौथीत आहे, वर्गात सगळ्यात मोठ्याने बोलते. सिस्टरना मी काय देणार होतो? पेढे-मिठाई त्यांना चालत नाही, डायबेटिस आहे. झोप घेतली होती, झोपच द्यायची असं मी ठरवलं. आमची गाडी त्यांच्या खिडकीखाली उभी राहते. तेव्हापासून मी टाकीपाशी इंजिन बंद करायला लागलो. दुपारी निघतानाही गाडी उतारावरून ढकलत खाली नेतो आणि कोपऱ्यावर चालू करतो.

हे सगळं मी तिला सांगितलं. काजळीबाईने भिंतीवरच्या त्या रेघेखाली 'तीन वर्षं, रोज थोडा केर शिल्लक' असं लिहिलं.

"वाईट डिझेलने तुंबलेले बघितलेत," ती म्हणाली. "चुकीच्या तेलाने तुंबलेले बघितलेत. उपकाराने तुंबलेला पहिलाच."

मग तिने अट घातली. फाटकापर्यंत इंजिन चालू. झाडलोट चालली असेल तर ती संपेपर्यंत चालू. शिवाय आठवड्यातून एकदा हायवेवर सलग पंचवीस मिनिटं. "आणि सिस्टरना जाऊन सांगा. नाही सांगितलंत तर चार दिवस चालू ठेवाल आणि पाचव्या दिवशी पुन्हा टाकीपाशी बंद कराल. तुमच्यासारखी माणसं मी ओळखते."

"ते मला जमणार नाही."

"मग डबा इथेच राहील."

मी तावातावाने बाहेर पडलो, आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की गाडी तिच्याच रॅम्पवर आहे. तीन मैल चालत घरी आलो. चालताना राग उतरला, पण धीर काही आला नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सिस्टर, आजपासून तुमची झोप मोडणार आहे, कारण माझा डबा तुंबलाय?

बायकोला सांगितलं, तर ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, तीन वर्षं उतारावरून चोरासारखे येताय. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. गुपित आहे असं फक्त तुम्हाला वाटतं."

"सिस्टरना ठाऊक नाही. त्या झोपलेल्या असतात."

"मग जाऊन सांगा. सव्वाचार झालेत, उठल्या असतील. मी येते सोबत, नाहीतर तुम्ही दारातून परत याल."

सिस्टरनी दार उघडलं. गालावर उशीची वळी अजून होती. मी आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसलो आणि फिल्टरपासून सुरुवात केली. चौकोनी नळ्या, काजळी, जादा डिझेल. बायकोने मला कोपर मारलं. मग मी टाकीपाशी आलो आणि तिथे अडकलो.

"दादा," सिस्टर म्हणाल्या, "टाकीपाशी गाडी बंद करता, ते मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. एकदा झोप येत नव्हती म्हणून खिडकीत उभी होते. तुमची गाडी आवाज न करता वरून येताना दिसली. तुम्ही स्टिअरिंगशी झटत होतात, घाम आला होता. उतरलात, आणि दारसुद्धा दोन्ही हातांनी हळूच लावलंत. मग माझ्या खिडकीकडे बघितलंत. तेव्हा कळलं." त्यांनी गालावरची वळी चोळली. "खरं सांगू का? मी मागच्या खोलीत झोपते. कानात कापसाचे बोळे असतात. गाडी चालू असती तरी मला काही ऐकू आलं नसतं."

बायको हसायला लागली आणि मग पदराने तोंड झाकून बसली. तीन वर्षं. माझा चेहरा तापला. राग येणार असं मला वाटलं, मी त्याची वाटही बघितली.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगायला चार वेळा वर यायला निघाले. जिन्यातून परत फिरले." त्या स्वतःच्या हातांकडे बघत बोलत होत्या. "बावीस वर्षं रात्रपाळी करते. माझ्या झोपेसाठी कोणी दाराची कडीसुद्धा हळू लावलेली नाही. मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही थांबवाल. रोज झोपताना आठवायचं, की आता थोड्या वेळाने तो माणूस वर टाकीपाशी इंजिन बंद करेल. आणि मला झोप लागायची. तुमच्या गाडीचं नुकसान होत असेल असं डोक्यातच आलं नाही. चूक माझीपण आहे."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. तो नाकाच्या शेंड्यावर मालक आहे असं बायको म्हणते, पण त्या दिवशी तो घर सोडून गेला होता. मी म्हणालो, "चूक-बिक काही नाही, सिस्टर. माझी पोरगी चौथीत आहे." त्यांना कळलं.

शनिवारी दुपारी काजळीबाईने वजनकाट्यावर साफ केलेला डबा ठेवला. भिंतीवर आदल्या दिवशीचा आकडा होता, तिने खाली आजचा लिहिला. काजळी भट्टीत जळून गेली होती, आणि मग काचेच्या खोक्यात दाबाची हवा मारून तिने उरलेलं बाहेर काढलं होतं. एका बरणीत मूठभर करडी पूड होती. "ही राख. तेलातून येते. ही जळत नाही, कितीही पळवा. चार-पाच वर्षांनी हिच्यासाठी पुन्हा यायचं. फक्त हिच्यासाठी." मग तिने एक पांढरा रुमाल काढला आणि डब्याच्या मागच्या तोंडावरून फिरवला, जिथून धूर बाहेर पडतो तिथून. रुमाल पांढराच राहिला. तिने तो घडी घालून माझ्या हातात दिला.

"सांगितलंत सिस्टरना?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. काजळीबाईने पाठ फिरवली आणि उगाचच भट्टीचं दार उघडून लावलं. मी तिचे आभार मानले, नीट, दोन्ही हात जोडून. मला ते फारसं जमत नाही, पण त्या आठवड्यात सवय होत चालली होती. डबा बसला, इंजिनात नवं तेल पडलं, दोन्ही दिवे विझले. सोमवारी सव्वानऊला अकरा मुलं शाळेत होती. छोटी उतरली, मागे गेली आणि नाडी बांधायला बसली. मी ओरडलो, पण नेहमीपेक्षा कमी.

राहिला प्रश्न हायवेवरच्या पंचवीस मिनिटांचा. तो बायकोने सोडवला. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेसातला मी मोकळा होतो. सिस्टरची पाळी आठला संपते, इस्पितळ हायवेच्या पलीकडे, आणि त्या दोन बस बदलून येतात. "गाडीला पळायचंय, त्यांना घरी यायचंय," बायको म्हणाली. "याला काय डोकं लागतं?"

पुढच्या शनिवारी सिस्टर माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. बूट काढले, पाय वर घेतले, म्हणाल्या, "बोलत बसते हं, नाहीतर तुम्हाला कंटाळा येईल." हायवेला लागलो तेव्हा त्यांचं एक वाक्य अर्धवट राहिलं. बघितलं तर मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. बोळे नाहीत, काही नाही. गाडी एका सुरात चालली होती. मधेच इंजिनाचा आवाज जरा जड झाला, गरम वास आला. झाडलोट सुरू झाली होती.

टाकीपाशी आलो तेव्हा हात सवयीने किल्लीकडे गेला. मी तो मागे घेतला. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, माणसासारखा उतार उतरलो आणि फाटकात आलो. पंखा जोरात घरघरत होता, अजून पाच-सात मिनिटं तरी लागली असती. थांबलो तशी सिस्टरची झोप चाळवली, भुवया हलल्या. गॅलरीतून बायको हातानेच विचारत होती, काय झालं, उतरत का नाही?

मी ओठांवर बोट ठेवलं, गिअर टाकला आणि गाडी पुन्हा रिंगरोडकडे काढली.